हमालांची बिअर आणि लंडनची कालवं

'कालव' हा शब्द कानी पडला की देशावरच्या श्रोत्याला पाटबंधारे खात्याची आठवण होते आणि कोकणातल्या श्रोत्याच्या तोंडाला पाणी सुटते. आज आम्हांस ज्या कालवांविषयी बोलावयाचे आहे ती कोकणातल्या श्रोत्याच्या परिचयाची आहेत. खाडीच्या तोंडाशी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकाला घट्ट चिकटून वाढणारी, बाहेरून ओबडधोबड आणि आतून मऊ, समुद्राची चव अंगात मुरलेली अशी ती कालवं होत. मात्र आजची हकीगत कोकणातली नसून लंडन शहरातली आहे, आणि तिच्यातले दुसरे पात्र आहे बिअर.

ज्ञानाच्या व्यासपीठावर बिअरचा विषय कशासाठी, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. आम्ही येथे पानाचा पुरस्कार करावयास आलेलो नाही आणि निषेध करावयासही नाही. समाजाच्या पानात काय वाढलेले होते आणि पेल्यात काय ओतलेले होते हे पाहिल्याविना त्या समाजाचा इतिहास पुरा होत नाही, एवढीच आमची भूमिका आहे. राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांची वर्णने बखरींत सापडतात. हमालाच्या संध्याकाळच्या जेवणाचा इतिहास मात्र शोधून काढावा लागतो.

प्रश्न साधा आहे. नाजूक चवीच्या शिंपल्यांबरोबर, विशेषतः कच्च्या कालवांबरोबर, कोणती बिअर घ्यावी? पाश्चात्त्य खाद्यशास्त्रावरील कोणतेही पुस्तक उघडा, त्यात एक उत्तर हमखास सापडते: काळी 'स्टाउट'. हे उत्तर ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटावे. करपवलेल्या धान्याची, कॉफीसारखी कडवट, शाईसारखी काळी बिअर आणि जिभेवर ठेवताच विरघळणारे कालव, यांचा मेळ बसावा कसा? मेळ बसतो असे सांगणारे रसज्ञ पुष्कळ आहेत. परंतु हा मेळ मुळात जमवला कोणी? कोणा रसज्ञाने दहा प्रकारच्या बिअर चाखून हा निवाडा दिला काय? आमच्या मते नाही. हा निवाडा लंडनच्या पाण्याने, थेम्स नदीच्या मुखाने, बाजारभावाने आणि हमालांच्या खिशाने दिलेला आहे. रसज्ञांनी त्यावर शिक्का मारला तो पुढे.

प्रथम बिअरकडे वळू. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये एक गडद तपकिरी बिअर लोकप्रिय झाली. तिला 'पोर्टर' म्हणू लागले. पोर्टर म्हणजे हमाल. त्या काळच्या लंडनमध्ये हमालांच्या रीतसर संघटना होत्या. गोदीवर कोळसा, धान्य, मीठ वाहून नेणारे वेगळे आणि शहरात बिल्ला लावून ओझी व निरोप पोचवणारे वेगळे. दिवसभर पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला ही बिअर म्हणजे पेय आणि अन्न दोन्ही होती. १७२६ साली लंडनमध्ये राहिलेल्या सेझार द सोस्यूर या स्विस प्रवाशाने आपल्या पत्रांत या बिअरचा उल्लेख केला असून कष्टकरी वर्गात तिचा खप मोठा असल्यामुळे हे नाव पडल्याचे नमूद केले आहे. हार्वुड नावाच्या एका मद्य-उत्पादकाने १७२२ साली एका दिवशी ती शोधून काढली, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. पण ती मागाहून रचलेली आहे. लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचे सहसा एका माणसाच्या नावाने जन्मपत्र नसते.

ही बिअर गडद का, याचे उत्तर बरेचसे लंडनच्या विहिरींत आहे. लंडनच्या खाली चुनखडीचे थर आहेत. त्यांतून झिरपलेले पाणी जड असते आणि त्यात कार्बोनेटचे प्रमाण अधिक असते. अशा क्षारयुक्त पाण्यात फिकट माल्टची बिअर नीट उतरत नाही. गडद भाजलेल्या माल्टमध्ये किंचित आम्लता असते; ती पाण्याच्या क्षाराला तोलते. उलट बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम, तेथे फिकट बिअर उत्तम होते. रसायनशास्त्राने हे कारण फार उशिरा सांगितले, पण बिअर करणाऱ्यांना अनुभवाने ते आधीच ठाऊक झाले होते. आपल्याकडे एका गावच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि शेजारच्या गावात शिजत नाही, हे जसे सुगरणीला सांगावे लागत नाही, तसेच हे होय.

पोर्टरने लंडनमध्ये मोठे कारखाने उभे केले. १७८५ साली व्हिटब्रेडच्या कारखान्यात बोल्टन आणि वॅट यांचे वाफेचे यंत्र बसले, आणि ते पाहण्यास १७८७ साली स्वतः राजा तिसरा जॉर्ज आला. बिअर मुरवण्यासाठी घराएवढे लाकडी पिंप बांधण्याची चढाओढ लागली. तिचा शेवट १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दिसून आला. टॉटनहॅम कोर्ट रोडजवळील म्यू यांच्या कारखान्यात एक प्रचंड पिंप फुटले, त्याच्या धक्क्याने दुसरी पिंपे गेली आणि बिअरचा लोंढा शेजारच्या गरिबांच्या वस्तीत शिरला. आठ माणसे मेली; ती सारी स्त्रिया आणि मुले होती. चौकशीत हा अपघात ठरला. हमालांच्या नावाने चालणाऱ्या धंद्यात नफा कोणाचा आणि मरण कोणाचे, हे या एका प्रसंगावरून ध्यानात यावे.

आता कालवांकडे येऊ. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील देशी कालव चपट्या, गोलसर शिंपेचे असते. थेम्सच्या मुखाजवळ केंट परगण्यातले व्हिट्स्टेबल आणि एसेक्समधले कोल्चेस्टर ही त्याची नामांकित ठिकाणे. व्हिट्स्टेबलच्या कालवे काढणाऱ्या कोळ्यांच्या कंपनीला १७९३ साली पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. तेथून माल होड्यांतून लंडनच्या बिलिंग्जगेट बाजारात येई. कवच मिटलेले असेपर्यंत कालव पाण्याबाहेरही काही दिवस जिवंत राहते, म्हणून बर्फ नसलेल्या काळातही ते ताजे पोचे. पकडण्याला ऋतूचे बंधन होते. ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात 'आर' हे अक्षर नाही, त्या महिन्यात, म्हणजे मे ते ऑगस्ट, कालव खाऊ नये असा संकेत होता. तो त्याच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होडी न घालण्याचा आपल्या कोळ्यांचा नेम आणि हा संकेत यांची जात एकच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही कालवं किती स्वस्त होती? हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या रस्त्यावर पोट भरणाऱ्या लोकांची पाहणी करून १८५१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच्या अंदाजाने लंडनचे फेरीवाले वर्षाला १२ कोटी ४० लाख कालवं विकत, आणि भाव होता एका पेनीला चार. गाड्यावर कालव उघडून मिळे, वर मिरपूड आणि व्हिनेगर. डिकन्सच्या १८३६-३७ साली प्रसिद्ध झालेल्या 'पिकविक पेपर्स'मध्ये सॅम वेलर हा नोकर गरिबी आणि कालवं यांची संगत कशी अतूट असते याविषयी आपले निरीक्षण मांडतो. वाचकाला ते हसू आणणारे वाटले, कारण ते खरे होते. ऑगस्टच्या सुमारास हंगाम सुरू झाला की लंडनची गरीब मुले फेकलेल्या शिंपा गोळा करून रस्त्याच्या कडेला लहान गुहा रचीत, आत मेणबत्ती लावीत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पेनी मागत. दिवाळीत किल्ला करणाऱ्या आपल्या मुलांना हा खेळ लगेच समजेल.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. कालवं केवळ गरीबच खात, असे नव्हे. नोव्हेंबर १८३७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील पहिल्या पार्लमेंटच्या वेळी, तरुण डिझरायलीने कार्लटन क्लबमध्ये स्नेह्यांसह रात्री जेवण घेतले. त्यात कालवं होती आणि गिनेसची बिअर होती, असे त्याने आपल्या बहिणीला कळवले आहे. म्हणजे पुढे पंतप्रधान होणारा गृहस्थ आणि गोदीवरचा हमाल हे त्या काळी जवळपास एकच पदार्थ खात होते. फरक जागेचा होता, पेल्याचा होता आणि पैशाचा होता. जिभेचा फारसा नव्हता. सबब ही जोडी खालून वर चढली की वरून खाली उतरली, हा वाद आम्ही घालणार नाही. दोन्ही वस्तू शहरात मुबलक होत्या, स्वस्त होत्या आणि एकाच गुत्त्यात एकाच वेळी मिळत होत्या. जोडी जमण्यास एवढे पुरेसे होते.

तरी कोणी म्हणेल, चवीचा काही मेळ असल्याशिवाय शतकभर ही जोडी टिकली नसती. हे आम्हांस मान्य आहे. मीठ कडवटपणा दाबते. कारल्याला मीठ चोळणाऱ्या प्रत्येक घरी हे ठाऊक आहे. कालवाच्या अंगचे खारे पाणी काळ्या बिअरची कडू धार बोथट करते. दुसरे म्हणजे आम्लता. आपल्याकडे तिसऱ्यांची एकशिपी करा नाही तर कालवांचे तिखले करा, आमसुलाची आठवण होतेच. लंडनच्या गाड्यावर ते काम व्हिनेगर करी. आरंभीच्या काळातली पोर्टर तर महिनोन् महिने लाकडी पिंपांत मुरवलेली असे, आणि मुरता मुरता तिला किंचित आंबूस, द्राक्षमद्यासारखी चव येई. ही चव ज्या सूक्ष्म किण्वामुळे येत असे ते १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन याने वेगळे काढले आणि त्याला 'ब्रेटॅनोमायसिस', म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. खारट कालवाला आंबूस बिअर लिंबासारखी उपयोगी पडली असणार, हे समजण्यास रसज्ञ असण्याची गरज नाही.

परंतु आमच्या प्रतिपादनाचा गाभा पुढेच आहे. ज्या पोर्टरचे हे वर्णन केले ती आज कोठे आहे? १८१७ साली डॅनियल व्हीलर याने कॉफी भाजण्याच्या यंत्रासारख्या फिरत्या पिंपात माल्ट भाजून काळा करण्याचे पेटंट घेतले. तोवर बिअरचा गडद रंग तपकिरी माल्टमुळे येई. यापुढे बहुतेक फिकट माल्ट आणि त्यात चिमूटभर काळा, असे मिश्रण चालू झाले. कारण आर्थिक होते. द्रवाची घनता मोजणारे उपकरण कारखान्यांत आल्यावर तपकिरी माल्टमधून सत्त्व कमी निघते, हे हिशेबात दिसून आले होते. पुढे लोकांची आवडही बदलली आणि मुरवलेल्या आंबूस पोर्टरऐवजी ताजी, सौम्य पोर्टर मागितली जाऊ लागली. माल्ट न केलेले धान्य बिअरमध्ये घालण्याची कायद्याने मोकळीक मिळाली ती १८८० साली. आजच्या कोरड्या आयरिश स्टाउटची ओळख म्हणजे भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा; तो रीतसर शक्य झाला तो या सालानंतर. म्हणजे आज पुस्तके जी बिअर कालवांसाठी सुचवतात, ती पेनीला चार कालवं घेणाऱ्या हमालाने कधी चाखलेलीच नव्हती.

आणि कालवं? त्यांची गत अधिक वाईट झाली. रेल्वेने किनारा देशाच्या पोटातल्या शहरांशी जोडला आणि मागणी अनेक पटींनी वाढली. तळ खरवडून खरवडून कालवे काढली गेली. १८६० नंतर भाव चढू लागले. १८७७ साली बंदीचा हंगाम कायद्याने ठरवावा लागला. त्यातच वाढत्या शहरांचे सांडपाणी नद्यांवाटे थेट कालवांच्या जागेवर येऊ लागले. नोव्हेंबर १९०२ मध्ये विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन येथील नगराध्यक्षांच्या मेजवान्यांत एम्सवर्थ गावची कालवं वाढली गेली. पाहुण्यांना विषमज्वर झाला आणि विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे डीन त्यात दगावले. त्या एका घटनेने एम्सवर्थचा धंदा बसला. तेथील कोळ्यांचा अपराध एवढाच की त्यांच्या कालवांच्या जागेवर गावाने आपली गटारे सोडली होती. १९२०-२१ साली देशी कालवांची मोठ्या प्रमाणावर मर झाली, आणि १९६२-६३ च्या कडक हिवाळ्याने एसेक्समधील उरलीसुरली पुष्कळशी संपवली. १९६० नंतरच्या दशकात तेथे पॅसिफिक महासागरातले, मूळ जपानकडचे लांबट कालव शेतीसाठी आणले गेले, आणि आज ब्रिटनमध्ये पैदास होते ती मुख्यत्वे त्याचीच. देशी कालवाची चव धातूसारखी, उग्र आणि रेंगाळणारी. पाहुण्याची सौम्य, गोडसर, काकडीची आठवण करून देणारी. पहिले कडू बिअरसमोर उभे राहते, दुसरे तिच्याखाली दबून जाते.

श्रोतेहो, यातला विरोधाभास ध्यानी घ्यावा. बिअर बदलली, कालव बदलले, खाणारा बदलला. नियम मात्र जागचा हलला नाही. उलट कालव महाग झाल्यावर या नियमाला प्रतिष्ठा आली. १९५० साली अमेरिकेतील गिनेसच्या जाहिरातीसाठी डेव्हिड ओगिल्वी याने निरनिराळ्या कालवांची चित्रे आणि वर्णने देणारी एक मार्गदर्शिका रचली. ती जाहिरातकलेत आदर्श मानली जाते. १९५४ साली आयर्लंडमधील गॉलवे येथे एका हॉटेलच्या व्यवस्थापकाने, सप्टेंबरात पाहुण्यांची संख्या रोडावू नये म्हणून, कालवांचा उत्सव सुरू केला. तेथेही शेजारी काळी बिअर आलीच. यात कोणाची फसवणूक झाली असे आमचे म्हणणे नाही. पण जे एके काळी हमालाचे जेवण होते ते जाणकाराच्या अभिरुचीचे लक्षण ठरले, आणि हमालाच्या पानातून ते नाहीसे झाले, एवढे मात्र खरे.

या इतिहासाचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंतही येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायांसाठी पोर्टरची पिंपे जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यास येत. हिंदुस्थानात आलेली इंग्रजी बिअर म्हणजे फिकट 'पेल एल' अशी आपली समजूत असते, ती मुख्यतः साहेबांच्या टेबलापुरती खरी. बराकीत काळी पोर्टरच मोठ्या प्रमाणावर रिचवली जाई. म्हणजे येथेही दर्जाप्रमाणे पेला ठरत होता.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? ज्यांना हा निर्णय घ्यावयाचा आहे, त्यांनी पुस्तकातल्या नियमाऐवजी पानातल्या पदार्थाकडे पाहावे. कालव खारट आणि उग्र चवीचे असेल तर कोरडी, गोडवा नसलेली, फार जड नसलेली स्टाउट आजही शोभते. तेथे जुना नियम खोटा नाही. कालव सौम्य असेल, किंवा नुसती वाफवलेली कोलंबी अथवा तिसऱ्या असतील, तर करपट कडवटपणा त्यांना झाकून टाकतो. तेथे फिकट, हलकी, किंचित आंबूस बिअर बरी. बेल्जियममध्ये शिंपल्यांबरोबर गव्हाची किंवा आंबवलेली 'ग्योझ' बिअर घेतात, त्यात हाच विचार आहे, आणि जुन्या मुरवलेल्या पोर्टरचे आंबूस काम तीच आज करते. आणि नारळ, तिरफळे व लाल मिरचीचे वाटण लावून केलेली कालवं असतील, तर नाजूकपणाचा प्रश्नच उरत नाही. तेथे सोलकढीच्या वाटीला आमचे मत.

परंतु आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निष्कर्ष वेगळा आहे. अभिरुचीचे नियम आकाशातून पडत नाहीत. विहिरीचे पाणी, नदीचे मुख, कराचा कायदा, बाजारभाव आणि माणसांची भूक यांतून ते घडतात, आणि ती परिस्थिती पालटली तरी मागे राहतात. त्यांचा मान ठेवावा, पण ते पुन्हा चाखून पाहण्याचा अधिकार सोडू नये. आणि आपल्या खाड्यांच्या काठी बसून हा विचार करताना एवढे विसरू नये की, लंडनच्या गरिबाचे कालव कोणत्या बिअरने हिरावून घेतले नाही. ते हावेने खरवडलेल्या तळाने आणि नदीत सोडलेल्या गटाराने घेतले. आज ओहोटीच्या वेळी आपल्या खडकांवर वाकून कालवं काढणाऱ्या बाया दिसतात, तोवर त्यांच्याबरोबर काय प्यावे हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. खाडीचे पाणी स्वच्छ राहील याची काळजी त्याआधी घ्यावयास हवी.